नांगरट आणि मातीचा श्वास
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘मशागत’ या शब्दाचे मूळ अरबीतील कष्टवाचक शब्दात आहे. जमिनीसाठी जितके कष्ट अधिक, तितके पीक चांगले, हा समज त्यामुळे भाषेतच रुजला. रब्बी निघाली की खोल नांगरट करायची, ढेकळे वैशाखाच्या उन्हात तापू द्यायची, मग कुळवाच्या पाळ्या द्यायच्या. ज्याचे रान असे काळेभोर, उघडे दिसते तो शेतकरी मेहनती ठरतो. या उघड्या रानातून काय निघून जाते, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

मातीच्या वरच्या 1 मीटर थरात जगभर मिळून सुमारे 1,500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब साठलेला आहे. वातावरणातील कर्बाच्या तो दुपटीच्या घरात जातो. हा कर्ब मातीच्या लहान लहान कणसमूहांत, मुळांच्या आणि बुरशीच्या तंतूंनी बांधलेला असतो. तेथे प्राणवायू बेताचाच पोहोचत असल्याने जिवाणूंना तो सहज खाता येत नाही. नांगराचा फाळ हे कणसमूह फोडतो, हवा आत शिरते, धसकटे मातीत गाडली जातात आणि जिवाणूंची मेजवानी सुरू होते. तिचे उच्छिष्ट म्हणजे कर्बवायू.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मॉरिस येथे रायकॉस्की आणि लिंडस्ट्रॉम यांनी हे प्रत्यक्ष मोजले. गहू काढलेल्या रानात निरनिराळी अवजारे चालवून त्यांनी जमिनीवर बंदिस्त कक्ष ठेवला आणि बाहेर पडणारा वायू मोजला. त्यांचे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. माती पलटवणाऱ्या नांगराने नांगरलेल्या तुकड्यातून 19 दिवसांत जो कर्ब गेला, तो त्या वर्षीच्या पिकाच्या अवशेषांतील कर्बाच्या 134 टक्के होता. न नांगरलेल्या तुकड्यातून 27 टक्के. म्हणजे नांगरलेल्या रानाने त्या वर्षीची कमाई तर घालवलीच, वर जुन्या पुंजीलाही हात घातला.

भारतात हा विचार रुजला तो वेगळ्याच कारणाने. हरियाणात भातानंतरच्या गव्हात ‘मंडूसी’ हे तण माजले आणि 1990च्या दशकात नेहमीच्या तणनाशकाला ते दाद देईना. भाताची कापणी लांबली की पाळ्यांवर पाळ्या देण्यात गव्हाची पेरणीही मागे पडे. भाताच्या धसकटांतच चीर पाडून बी पेरणारे यंत्र आले, तेव्हा पेरणी लवकर झाली, मातीची उलथापालथ थांबल्याने तणही कमी उगवले आणि ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचल्या. 1 लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.6 किलो कर्बवायू बाहेर पडतो, हे ध्यानात घेतले तर ही बचत किरकोळ नव्हे. शेतकऱ्याने अर्थातच ती हवेसाठी केली नाही, खर्चासाठी केली. त्यात गैर काहीच नाही.

मात्र येथे उत्साहाला आवर घालणे भाग आहे. बिननांगरणीच्या रानात कर्ब वाढलेला दिसतो तो बहुधा वरच्या थरात. नमुने खोलवर घेतले तर नांगरलेल्या रानात तोच कर्ब खाली गाडलेला आढळतो आणि दोहोंतील फरक पुष्कळदा पुसट होतो. 2007 पासून या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत गंभीर वाद आहे. शिवाय गव्हाला न नांगरलेले रान पुढच्या पावसाळ्यात भातासाठी चिखलणीखाली गेले, तर जपलेले बरेचसे पुन्हा ढवळले जाते. ‘नांगर सोडा, हवामान सुधारेल’ अशी घोषणा म्हणूनच पोकळ आहे. धूप थांबणे, ओल टिकणे आणि डिझेल वाचणे हे लाभ मात्र अधिक भरवशाचे आहेत.

चिखलणीचा प्रश्न रायगड जिल्ह्यातील नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी हाती घेतला. त्यांच्या ‘सगुणा’ पद्धतीत भातासाठी गादीवाफे एकदाच करतात, चिखलणी नसते, लावणी नसते आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू देतात. अडचण तणाची आहे. नांगर नाही म्हटल्यावर तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो आणि तो किती घ्यावा, यावर या पद्धतीच्या चाहत्यांतही एकमत नाही.