टकळी आणि वाटा

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या केंद्रात येणारी बाई बोलायला लागली की एक वाक्य हमखास येतं, ‘ताई, माझ्या वाट्याला हेच आलं.’ आज युरोपातल्या जुन्या नियतीदेवतांबद्दल बोलायचं आहे, तरी सुरुवात या वाक्यापासूनच करते. कारण ग्रीक लोक नियतीला ‘मोइरा’ म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे वाटा. जेवणातला वाटा, लुटीतला वाटा, जमिनीचा वाटा, त्यावरून आयुष्याचा वाटा. आपलं ‘भाग्य’ तरी कुठून आलं? ‘भाग’ या शब्दातूनच.

इ.स.पू. ७०० च्या सुमारास हेसिअड या कवीनं या तिघींची नावं सांगितली. क्लोथो म्हणजे कातणारी. लाखेसिस म्हणजे वाटा नेमून देणारी. अ‍ॅट्रोपॉस म्हणजे जिला मागे वळवता येत नाही अशी. क्लोथोची खूण टकळी. आईच्या जुन्या ट्रंकेतली एक मी मुद्दाम आणली आहे, हातोहात फिरवा, कातूनही बघा. ग्रीक बाईच्या एका हातात लोकर गुंडाळलेली काठी असे, दुसऱ्या हातानं ती टकळीला गिरकी देई. चरखा युरोपात पोचायला मध्ययुग उजाडलं. तोवर घरातला प्रत्येक कपडा, प्रत्येक पांघरूण असंच कातलेल्या धाग्याचं. मालकीण असो की गुलाम, हे काम संपतच नसे. आयुष्याचा धागा कवींना दूर शोधायला जावं लागलं नाही, तो घरातच होता. होमरच्या काव्यात हेक्टर मारला जातो तेव्हा त्याची आई हेकबा म्हणते, हा जन्मला तेव्हाच मोइरेनं हे मरण कातून ठेवलं होतं. अ‍ॅट्रोपॉसच्या हातातली कात्री मात्र पुढच्यांची भर. होमर-हेसिअडमध्ये कातणं आहे, कातरणं नाही.

रोमन लोकांच्या पार्का बघा. नोना म्हणजे नववी, देकिमा म्हणजे दहावी. ही बाळ जन्मण्याच्या महिन्यांची नावं. तिसरी मोर्ता, मरणाची. मूळच्या या बाळंतपणाच्या देवता! ग्रीसच्या खेड्यांतही अगदी अलीकडेपर्यंत समजूत होती, की तिसऱ्या रात्री मोइरा येऊन बाळाचं नशीब ठरवतात. त्यांच्यासाठी गोडधोड मांडून ठेवत. आपल्या सटवाईची आठवण झाली ना? फक्त सटवाई लिहिते, या कातत.

आता यांच्यावर सत्ता कुणाची? होमरच्या झ्यूसला आपला मुलगा सार्पेडॉन वाचवावासा वाटतो, पण नेमलेल्या वाट्यापुढे तो हात आवरतो. हेसिअडच्या एकाच काव्यात एकदा या तिघी रात्रीच्या लेकी आहेत, बापाशिवाय जन्मलेल्या, आणि पुढे त्याच झ्यूसच्या लेकी होतात! ऑलिंपियात तर झ्यूसची ‘मोइरांचा नेता’ म्हणून वेदी होती. म्हणून आधी बायकांचं राज्य होतं, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. देवी असणं निराळं, बाईला हक्क असणं निराळं.

अथेन्सचाच कायदा घ्या. एक मेदिम्नोस, म्हणजे साधारण ५० लिटर मापाच्या जवापेक्षा जास्त किमतीचा व्यवहार बाईला करता येत नसे. भाऊ असेल तर बापाच्या मिळकतीत मुलीला वारसा नाही. भाऊ नसेल तर मिळकतीसकट तिच्यावर जवळच्या पुरुष नातेवाइकाचा लग्नाचा हक्क. वाटा नेमणारी देवता बाई, आणि बाईच्या हाती वाटा नाही. आपल्याकडे मुलींच्या हिश्शासाठी १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं कायदा बदलला. तरी हक्कसोडपत्रावर सही करताना बहिणी काय म्हणतात, ते तुम्ही ऐकलंय. ‘नशिबात होतं ते मिळालं.’

उत्तरेकडच्या नॉर्नबद्दल थोडक्यात सांगते. १३ व्या शतकातल्या आइसलँडच्या ग्रंथांत त्या विश्ववृक्षाच्या मुळाशी, विहिरीपाशी राहतात. नशीब ठरवतात, आणि रोज विहिरीचं पाणी नि चिखल झाडावर शिंपतात, फांद्या कुजू नयेत म्हणून. म्हणजे तिथंही रोजचं पाणी भरणं चुकलेलं नाही! थोरलीचं नाव उर्द, जे होऊन गेलं ते. धाकटी स्कुल्ड. तिला भविष्याची देवता म्हणतात, पण त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे देणं, फेडायचं राहिलेलं कर्ज. मला तिघींत हीच जास्त आवडते.

टकळी कुठवर आली? अजून मागच्या रांगेतच? फिरू द्या. तोवर प्रश्न विचारा.