आईच्या डोक्यातलं वहीत कसं आणायचं?



आजचं बोलणं दिल्लीतल्या, विशेषतः हिंदूराव परिसरातल्या मराठी कुटुंबांसाठी आहे. इतर गावांतल्या लोकांनाही ते उपयोगी पडेल. हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. टेकडीवरच्या त्यांच्या बंगल्याच्या आवारात आज मोठं रुग्णालय आहे. नाव मराठी, पण आजूबाजूची बोली हिंदी. आजच्या विषयात ही गोष्ट महत्त्वाची आहे, कशी ते पुढे सांगते.

घरात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती असेल, तर आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो : आमच्यामागे याचं कसं होणार? १८ वर्षांपर्यंत विशेष शाळा असते, शिक्षिका असतात. पुढे सगळा भार घरावर येतो, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा आई.

या प्रश्नावर आपण पैशांची सोय करतो, भावंडांशी बोलतो. ते हवंच. पण एक ठेव आपण कुठेच नोंदवत नाही. ती म्हणजे आईच्या डोक्यातली माहिती. तो भूक लागली की काय करतो? कशाला घाबरतो? ‘पुरे’ कसं सांगतो? पंचवीस-तीस वर्षांत आईला हे सगळं समजलेलं असतं. मदतनीसाला ते पहिल्या दिवशी कसं समजणार? त्यातून मदतनीस हिंदी बोलणारा. आपला माणूस ‘नको’ म्हणतो, ‘शू’ म्हणतो. ते कळलं नाही की तो चिडतो, आणि मग ‘हा मारकुटा आहे’ असा शिक्का बसतो. खरं तर त्याला फक्त संडासला जायचं असतं.

म्हणून पहिलं काम : एक वही करा. त्याचे शब्द, खुणा आणि त्यांचा हिंदी अर्थ लिहा. औषधं आणि वेळा लिहा. घास किती मोठा चालतो, पाणी पिताना ठसका लागतो का, हे लिहा. बोलता येत नसेल तर चित्रांचा तक्ता करा. या वहीत त्याच्या आवडीनिवडीही याव्यात, आणि त्या शक्यतो त्यालाच विचारून लिहाव्यात.

दुसरं काम मदतनीसाच्या प्रशिक्षणाचं. ‘मनापासून करणारी बाई मिळाली’ एवढ्यावर भागत नाही. व्हीलचेअरवर बसवताना आधी ब्रेक लावायचे, पायठेवणी बाजूला करायची, आणि हात लावण्याआधी ‘आता उचलतोय’ असं सांगायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर जखमा होतात. आडवं झोपवून भरवायचं नाही. चहा करायला शिकवायचा तर कामाचे छोटे टप्पे पाडायचे. शेवटचा टप्पा, म्हणजे कपात ओतणं, आधी त्याला करू द्यायचं. काम पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो.

तिसरं काम आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जातं : प्रशिक्षणानंतरचा आधार. चार दिवसांचं शिबिर होतं, प्रमाणपत्र मिळतं, आणि दुसऱ्या महिन्यात त्या मुलीला अडचण आली तर विचारायला कुणी नसतं. खुर्ची मापाची नाही म्हणून तो एका बाजूला कलतो, हे तिला दिसतं. पण उपाय सांगणारा थेरपिस्ट नसतो. संस्था निवडताना इमारत बघण्याआधी विचारा : तुमच्या कर्मचाऱ्यांना अडलं तर ते कुणाला विचारतात? तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन किती दिवसांनी बघतात?

हे मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४७ व्या कलमात कुटुंबीय आणि काळजी घेणारे यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने काळजीवाहक घडवण्यासाठी ‘सहयोगी’ आणि प्रौढांच्या निवासासाठी ‘घरौंदा’ या योजना आखल्या. भारतीय पुनर्वास परिषदेने २०२१ मध्ये समाजात राहून काम करणाऱ्या ‘दिव्यांग मित्रां’साठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. न्यास आणि परिषद, दोन्हींची मुख्यालयं दिल्लीतच आहेत. जवळची नोंदणीकृत संस्था कोणती आणि तिथे आज काय चालू आहे, हे विचारायला आपण इथले लोक सहज जाऊ शकतो.

अजून एक. आपण पस्तिशीच्या माणसालाही ‘आमचं बाळ’ म्हणतो. मायेनं म्हणतो, पण मदतनीस तेच ऐकतो आणि तसाच वागतो. कपडे न विचारता घालतो, दार न वाजवता आत येतो. याच कायद्याचं १४ वं कलम मर्यादित पालकत्वाबद्दल आहे. निर्णय परस्परांच्या विश्वासाने, मिळून घ्यायचा, असा त्याचा रोख आहे. तेव्हा शर्ट कोणता, जेवण केव्हा, हे त्याला विचारायची सवय आधी घरात लावूया. मदतनीस आपल्याकडे बघूनच शिकणार आहे.

आज रात्री वहीचं पहिलं पान लिहा. त्याचे दहा शब्द आणि त्यांचे अर्थ, एवढंच. पुढच्या रविवारी आईने तासभर बाहेर जावं आणि दुसऱ्या कुणीतरी त्या वहीवरून त्याचं जेवण करून बघावं. जिथे अडेल, तिथे वहीत एक ओळ वाढवा. आई आहे तोवरच हे करायचं आहे.