आराखड्यांतील लहान खुणा

कोल्हापूर हें नांव उच्चारलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें अंबाबाईचें देऊळ, कुस्तीचे आखाडे, गूळ आणि चपला हींच उभीं राहतात. त्याच शहरांत उद्यमनगर नांवाची एक वसाहत आहे, आणि शहराबाहेर शिरोली, गोकुळ शिरगांव व कागल या बाजूंस कारखान्यांच्या आणखी वसाहती आहेत. तेथें बिडाचा रस सांच्यांत ओतून यंत्रांचे भाग तयार होतात, आणि ते भाग कांतून, त्यांत छिद्रें पाडून, घासून नेमक्या मापाला आणले जातात. त्यांतील कांहीं भाग पुण्याच्या मोटार कारखान्यांकडे जातात, कांहीं परदेशींही जातात. या सर्व व्यवहाराचा आधार म्हणजे एक आराखडा. त्यावर भागाची आकृति असते, तिच्याभोंवतीं मापें असतात, आणि मापांच्या शेजारीं कांहीं लहान खुणा असतात. आजच्या भाषणाचा विषय त्या खुणा हा आहे. एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला, असें कोणास वाटेल. परंतु ज्या कामगाराचा एक दिवस आणि एक ओतीव नग अशा खुणेपायीं फुकट गेला असेल, त्यास तसें वाटणार नाहीं.

पूर्वींच्या कारागिरांस आराखड्याची एवढी गरज नसे. याच शहरांत बाबूराव पेंटर यांनीं दामल्यांच्या साह्यानें १९१८ सालीं चित्रपटाचा कॅमेरा घडविला. अशा कामांत कल्पना करणारीं आणि घडविणारीं माणसें तींच असत. शंका आली तर मान वळवून विचारतां येत असे. कारखान्यांतील जुने मिस्त्री मापें सुतांत बोलत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'दोन सूत आंत घे' एवढें सांगितलें कीं काम भागे. आज आराखडा एके ठिकाणीं तयार होतो, ओतकाम दुसऱ्या ठिकाणीं होतें, छिद्र तिसऱ्या ठिकाणीं पडतें, आणि तपासणी चवथ्या ठिकाणीं होते. या चौघांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नसतें. कागदावर जें उमटलें असेल, तेवढेंच त्यांचें संभाषण.

या संभाषणांतील मुख्य खुणा अशा आहेत. वर्तुळ काढून त्यास छेदणारी तिरपी रेघ मारली कीं ती व्यासाची खूण होते; कारखान्यांत तिला 'डाया' किंवा 'फाय' म्हणतात. अधिकाच्या खालीं उण्याची रेघ असली, कीं मापांत किती कमीजास्त चालेल तें कळतें. अंकाच्या डोक्यावरील बारीक वर्तुळ अंश दाखवितें. यांखेरीज छिद्रांच्या तीन खुणा आहेत. तोंड वर असलेला, सपाट बुडाचा चौकोनी कंस म्हणजे काउंटर बोअर. बोल्टाचें डोकें आंत दडून बसावें म्हणून छिद्राच्या तोंडाशीं जी सपाट तळाची रुंद जागा करतात, तिची ही खूण. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुसरी खूण म्हणजे काउंटर सिंक. निमुळत्या डोक्याच्या स्क्रूसाठीं छिद्राचें तोंड फनेलासारखें उतरतें करतात, तें ही दाखविते. आडव्या रेघेपासून खालीं गेलेला बाण खोली दाखवितो. या तीनही खुणा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकांत १९८२ सालीं आल्या. तोंपर्यंत हीच माहिती शब्दांनीं किंवा त्यांच्या संक्षेपांनीं लिहीत असत.

योगायोग असा कीं, ज्यावर पुढें जगांतील असंख्य आराखडे निघाले तो ऑटोकॅड हा संगणकाचा कार्यक्रमही १९८२ सालींच बाहेर आला. परंतु संगणकाच्या अक्षरफळीची ठेवण टंकलेखन यंत्रावरून आलेली. हातांत पेन्सिल असतांना कोणतीही खूण काढतां येत होती. अक्षरफळीवर या खुणांची कळच नव्हती. म्हणून आडवाटा शोधाव्या लागल्या.

पहिली वाट ऑटोकॅडनेंच घालून दिली. दोन वेळां शेंकड्याची खूण टंकावी आणि तिच्यामागें इंग्रजी सी अक्षर टंकावें. म्हणजे व्यासाची खूण उमटते. सीच्या जागीं डी टंकल्यास अंशाची, आणि पी टंकल्यास अधिक-उण्याची. दुसरी वाट विंडोज प्रणालीची. आल्ट ही कळ दाबून धरावी आणि उजव्या बाजूच्या अंकफळीवर ०२१६ हा आंकडा टंकावा, म्हणजे तिरप्या रेघेचें वर्तुळ मिळतें. ०१७६ नें अंश आणि ०१७७ नें अधिक-उणे मिळतें. तिसरी वाट खास आराखड्यांसाठीं बनविलेल्या फाँटची. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच जागीं या खुणा बसविलेल्या असतात. अशा एका प्रचलित फाँटमध्यें व्ही टंकलें कीं काउंटर बोअर, डब्ल्यू टंकलें कीं काउंटर सिंक, आणि एक्स टंकलें कीं खोलीचा बाण उमटतो.

वाटा सोप्या आहेत. कोणीही अर्ध्या तासांत शिकेल. खरी अडचण खूण काढण्यांत नाहीं, ती दुसऱ्याकडे पोंचविण्यांत आहे.

व्यासाचीच खूण घ्यावी. आल्ट धरून जें वर्तुळ मिळतें, तें वास्तविक डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांच्या वर्णमालेंतील एक स्वर आहे. शेंकड्याच्या खुणेनें ऑटोकॅड जें उमटवितो, तें युनिकोडच्या यादींत गणितांतील रिक्त संचाचें चिन्ह आहे. तें चिन्ह आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञानें त्याच नॉर्वेजियन अक्षरावरून सुचविलें आणि तें १९३९ सालीं छापून आलें. हे वेल १९३० ते १९३२ या काळांत अलिगढ येथें प्राध्यापक होते. कित्येक जण ग्रीक फाय अक्षर घालतात. आणि युनिकोडमध्यें व्यासाची स्वतःची अशी खूण आहे ती निराळीच. डोळ्यांस चारही सारखीं दिसतात. संगणकास तीं चार परकीं माणसें आहेत. एकाचा शोध घेतला तर दुसरें सांपडत नाहीं, आणि एखाद्या फाँटमध्यें एक असतें, दुसरें नसतें. नसलें म्हणजे त्या जागीं रिकामा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतें.

रिकामा चौकोन दिसला तर फारसें बिघडत नाहीं. कामगार थांबतो आणि विचारतो. नुकसान होतें तें खूण नाहींशी झाल्यानें नव्हे, ती दुसरीच झाल्यानें. मराठी घरांना या संकटाची ओळख आहे. युनिकोड सर्वत्र होण्यापूर्वीं लग्नपत्रिकेचा किंवा लेखाचा मजकूर जुन्या मराठी फाँटमध्यें टंकून दुसऱ्या संगणकावर उघडला, कीं 'श्रीगणेश' या जागीं इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी दिसे. कारण मूळ अक्षरें इंग्रजीच असत. त्यांना मराठी रूपाचा अंगरखा तेवढा घातलेला असे. अंगरखा घरीं राहिला आणि माणूस उघडाच परगांवीं गेला. आराखड्याच्या खास फाँटचें नेमकें तसेंच आहे.

एक उदाहरण पाहूं. एखाद्या झांकणांत १२ मिलिमीटर व्यासाचें छिद्र आहे, आणि त्याच्या तोंडाशीं २० मिलिमीटर व्यासाचा, ८ मिलिमीटर खोल काउंटर बोअर आहे. आराखडा काढणाऱ्यानें तो खास फाँट वापरून सर्व खुणा बिनचूक घातल्या. दुसऱ्या कार्यालयांत तो फाँट नव्हता. अथवा कोणी ती ओळ उचलून तपासणीच्या तक्त्यांत उतरविली. तेथें काउंटर बोअरच्या जागीं व्ही आणि खोलीच्या बाणाच्या जागीं एक्स हें अक्षर उभें राहिलें. आतां गंमत अशी कीं, व्ही अक्षर काउंटर सिंकच्या खुणेसारखेंच दिसतें, आणि एक्स हें सर्वत्र गुणिल्याचें चिन्ह म्हणून वाचलें जातें. चौकोन नाहीं, प्रश्नचिन्ह नाहीं, संशयास जागाच नाहीं. सपाट तळाच्या जागीं उतरतें तोंड पडलें, तर बोल्टाचें डोकें तेथें नीट टेकणार नाहीं. ज्यानें छिद्र पाडलें त्यानें कागदाप्रमाणेंच पाडलें. ज्यानें आराखडा काढला त्यानेंही योग्य तेंच काढलें. तरी नग बाद होतो, आणि दोष बहुधा शेवटच्या हाताकडे, म्हणजे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाकडे जातो. बाद झालेलें बीड पुन्हां वितळवितां येतें. पण त्यावर खर्च झालेली वीज, कामगाराचे तास आणि त्याची अब्रू हीं भट्टींत घालून परत मिळत नाहींत. पाडलेलें छिद्र लहानही करतां येत नाहीं.

यावर उपाय फार खर्चाचे नाहींत. पहिला असा कीं, छिद्राचें माप हातानें टंकूं नये; कार्यक्रमांत व्यास मोजण्याची जी आज्ञा आहे तिच्याकडूनच तें घालवावें, म्हणजे खूणही तीच घालते. मापाच्या ओळींत कांहीं भर घालावयाची असेल, तर ऑटोकॅडमध्यें कोनी कंसांची जी रिकामी जोडी मोजलेल्या आंकड्याच्या जागीं असते, ती तशीच ठेवून तिच्या मागेंपुढें लिहावें. ती पुसून आंकडा टंकला, तर उद्यां आकृति बदलली तरी आंकडा जुनाच राहील, आणि ही चूक खुणेच्या चुकीहून वाईट. दुसरा उपाय असा कीं, आराखडा बाहेर पाठवितांना त्याचे फाँटही सोबत पाठवावेत, किंवा फाँट आंत बांधलेली पीडीएफ पाठवावी. तिसरा असा कीं, पाठविण्यापूर्वीं तो एकदां परक्या संगणकावर उघडून कागदावर छापून पाहावा. चवथा उपाय सर्वांत जुना आहे: तक्त्यांत किंवा पत्रांत उतरवितांना 'व्यास २०, सपाट तळ, खोली ८' असें शब्दांनीं लिहावें. शब्द जागा अधिक घेतात. पण एका शब्दाच्या जागीं दुसराच अर्थाचा शब्द आपोआप उभा राहिला, असें फाँटच्या चुकीनें सहसा होत नाहीं.

पांचवा उपाय यंत्राचा नाहीं, माणसांचा आहे. यंत्रावरील कामगारानें 'ही खूण कशाची?' असें विचारलें, तर तें त्याच्या अडाणीपणाचें लक्षण मानूं नये. त्या प्रश्नास पांच मिनिटें लागतात. तो न विचारला गेल्यास एक संपूर्ण खेप बाद होऊं शकते. ज्या घरांतील मुलें आज तंत्रनिकेतनांत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकावर आराखडे काढावयास शिकत आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं त्यांस इतकें अवश्य सांगावें, कीं पडद्यावर खूण बरोबर दिसली म्हणजे काम संपलें असें समजूं नये. उद्यमनगरांतील एखाद्या लेथपाशीं, तेलकट हातांत धरलेल्या कागदावर ती तशीच वाचली गेली, म्हणजे काम संपलें.