जनतेचा कौल आणि दुसरी पसंती

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडमध्ये पंकजाताई मुंडे ६,५५३ मतांनी पराभूत झाल्या, बजरंग सोनवणे विजयी झाले. तुतारी चिन्हाच्या एका अपक्षास मात्र ५४ हजारांहून अधिक मते पडली! त्यांतील कितींची चिन्ह ओळखण्यात गल्लत झाली, हा भाग निराळा. उरलेल्या दोघांत त्यांना अधिक मान्य कोण, हे यंत्राने विचारलेच नाही.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात हाच बीडकर पसंतीक्रम लिहितो. तेथेही पेच आहेच. तिघांचे क्रम अ-ब-क, ब-क-अ, क-अ-ब असे असतील, तर दोन विरुद्ध एक मतांनी अ हा ब-ला हरवतो, ब क-ला आणि क पुन्हा अ-ला! फ्रान्सच्या काँदोर्से यांनी हे १७८५ मध्येच दाखवून दिले होते.