जुलै १९६० : जगाचा आणि आपला

(सरोजिनी नगर, दिल्ली येथे मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आपण जमलो आहोत ती वसाहत एके काळी विनय नगर म्हणून ओळखली जाई. सरकारी नोकरांची ही वस्ती. तेव्हा इथूनच त्या महिन्याची आठवण काढू.

जुलै १९६० मध्ये जग वेगाने बदलत होते. १ जुलैला घाना प्रजासत्ताक झाले, सोमालिया स्वतंत्र झाला. जपानमध्ये अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध कामगार आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. किशी मंत्रिमंडळाला जावे लागले. २१ जुलैला श्रीलंकेत सिरिमाओ बंदरनायके जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या काँगोतून ११ जुलैला कटांगा हा खाणींचा प्रांत फुटला.

त्याच ११ जुलैच्या मध्यरात्री आपला संप सुरू झाला. रेल्वे, टपाल-तार, संरक्षण कारखाने, सारे त्यात होते. पुढाऱ्यांत गोव्याचे पीटर अल्वारिस होते, पुण्याचे एस. एम. जोशी होते.

आपण मागत तरी काय होतो? १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे सूत्र ठरवले होते. कमावत्याच्या कुटुंबात तीन माणसांचे पोट धरावे, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. त्या परिषदेत सरकार स्वतः बसले होते. पण जगन्नाथ दास वेतन आयोगाने भत्ता धरून अवघे ८० रुपये दिले. इतरांना सांगितलेला हिशेब सरकार स्वतःच्या नोकराला लावेना, हे आपले दुःख होते.

८ जुलैलाच अध्यादेश निघाला होता. संप बेकायदा ठरला. दोहदला गोळीबारात रेल्वे कामगारांचे प्राण गेले. १६ जुलैला, हाती काही न पडता, संप मागे घ्यावा लागला. हजारो निलंबित झाले, संघटनांची मान्यता गेली. घरोघरी चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता.

आपल्या चुकाही मान्य करू. इंटकप्रणीत संघटना बाहेर राहिल्या. एकजूट अपुरी होती. पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाला आपले म्हणणे आपण नीट समजावले नाही.

मग सारे वाया गेले का? नाही. १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा आली. सरकारसमोर टेबलाशी बसण्याची जागा मिळाली. आणि सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपये किमान वेतन काढले, ते त्याच पंधराव्या परिषदेच्या सूत्रावरून! ज्या हिशेबासाठी आपली माणसे घरी बसवली गेली, तोच हिशेब आयोगाला मांडावा लागला.

म्हणून इथल्या जुन्या घरांच्या जागी इमारती उठत असताना नव्या सभासदाला एवढे जरूर सांगा : पगारपत्रकातला किमान आकडा कुणाची मेहेरबानी नाही. त्यामागे त्या पाच दिवसांची किंमत आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!