उमेदवारी संपली, पुढे काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मी बोलावे असा आग्रह मुख्याध्यापिका बाईंनी धरला तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाई, मी बक्षीस मिळवलेले नाही, परदेशी गेलेले नाही. मुंबईच्या एका जनसंपर्क संस्थेत सहा महिने उमेदवारी केली आणि ती संपली, एवढेच." बाई म्हणाल्या, "तेवढेच सांग. आपल्या पालकांना तेच ठाऊक नाही." म्हणून आपल्यासमोर उभी आहे.

हल्ली ज्याला इंटर्नशिप म्हणतात त्याला मी मुद्दाम उमेदवारी म्हणते. हा शब्द आपल्या घरातला आहे. 'उमेद' फारसीतून आली आणि मराठीत अशी मुरली की आता ती परकी वाटत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतली मुले शिंप्याच्या दुकानात, छापखान्यात, मोटारीच्या गॅरेजात उमेदवारी करीत. पहिले काही महिने हाती काही पडत नसे, पण काज करायला किंवा खिळे जुळवायला शिकत आहे हे घरच्यांना दिसत असे. माझ्या उमेदवारीत घरच्यांना काय दिसले? मुलगी पहाटे उठून मोबाईलवर वर्तमानपत्रे वाचते, एवढेच! म्हणून मी परत आल्यावर मोहल्ल्यात प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "कायम केले का?" आणि "नाही" म्हटल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटला.

आम्ही पाच जण होतो, जागा एक होती. ती माझ्या बरोबरच्या एका हुशार मुलाला मिळाली, आणि योग्य माणसाला मिळाली. बाकीचे चौघे नापास झाले असे मात्र आपण समजू नये. उमेदवारी ही परीक्षा नव्हे, तिचा निकाल लागत नाही. ती संपते, आणि संपताना आपल्या हातात काय आहे ते पाहायचे असते.

आधी हे काम म्हणजे काय ते सांगते, कारण जनसंपर्क म्हणजे गोड बोलून लोकांच्या गळी काहीतरी उतरवणे, असा समज सर्वत्र आहे. तो अगदीच निराधार आहे असेही नाही. पण या व्यवसायाची सुरुवात ज्या घटनांनी झाली त्यांतील एक ऐका. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक आगगाडी पुलावरून पाण्यात पडली. पन्नासांहून अधिक माणसे मेली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दडपून टाकीत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केले. घडले ते लिहून वृत्तपत्रांना दिले आणि वार्ताहरांना घटनास्थळी जाण्याची सोय करून दिली. आजच्या प्रसिद्धिपत्रकाचा उगम बहुतेक जण तिथे मानतात. याच लीने पुढे एका जर्मन रसायन कंपनीला सल्ला दिला, तिचे नाझी सरकारशी संबंध होते, आणि १९३४ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे त्याला जाब द्यावा लागला. कौशल्य तेच, वापर दोन. मुलांना या क्षेत्रात पाठवताना पालकांनी दोन्ही गोष्टी माहीत असू द्याव्यात.

माझा दिवस सात वाजता सुरू होई. मराठी, हिंदी, इंग्रजी वर्तमानपत्रांतून ग्राहक कंपन्यांविषयीच्या बातम्या शोधून त्यांची यादी साडेनऊपर्यंत पाठवायची. मग वार्ताहरांना फोन. कोणता वार्ताहर आरोग्य पाहतो, कोणता शिक्षण, कोणता बाजारपेठ, ही वही जो नीट ठेवतो तो उमेदवार लवकर उपयोगी पडतो. फोन दुपारी करावा. संध्याकाळी पाने लागत असताना केला तर पुढच्या वेळी तो उचलला जात नाही. या साध्या गोष्टी आहेत, पण कोणत्याही पुस्तकाने मला त्या शिकवल्या नव्हत्या.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही, ती सांगते. बातमी किती सेंटिमीटर छापून आली ते मोजायचे, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावायचा, आणि ग्राहकाला सांगायचे की तुमचा इतक्या लाखांचा फायदा झाला. २०१० साली बार्सिलोना येथे या व्यवसायातील जाणकारांनीच ठरवले की हा आकडा जनसंपर्काचे मोल नव्हे. तरी तो मागणारे ग्राहक आहेत आणि देणारेही आहेत. माझ्या वरिष्ठ बाईंना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आकडा दे, पण खाली लिही की हा जाहिरातीचा दर आहे, परिणाम नव्हे." ती एक ओळ लिहिण्याची सवय मला या सहा महिन्यांत लागली.

आता विद्यार्थ्यांसाठी. तुमच्यापैकी बहुतेकांना घरची बोली, शाळेची मराठी, मदरशातली उर्दू आणि टीव्हीवरची हिंदी येते. ही तुम्हाला ओझे वाटते, मलाही वाटे. त्या कार्यालयात पत्रके आधी इंग्रजीत लिहिली जात आणि मग कोणीतरी, हल्ली बहुधा यंत्र, त्यांची मराठी करी. एका कंपनीने पश्चिम महाराष्ट्रात शाखा वाढवल्या, तर मराठी पत्रकात आले, "कंपनीने पश्चिम महाराष्ट्रात आपले पाऊलठसे वाढवले." असे पत्रक कोल्हापूरच्या संपादकाने टोपलीत टाकले तर त्याचा काय दोष? तिसऱ्या महिन्यापासून मराठी पत्रके माझ्याकडे येऊ लागली आणि उर्दू वर्तमानपत्रांचे फोनही. शीन-काफ सांभाळून बोलणारा माणूस पलीकडे असला की संपादक दोन मिनिटे जास्त ऐकतो.

पण हे सारे शिकायला मुंबईत राहावे लागते, आणि इथे मी पालकांशी आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी स्पष्ट बोलणार आहे. मला विद्यावेतन होते दरमहा आठ हजार. अब्बा आणि मी खोली पाहायला गेलो. एके ठिकाणी सर्व ठरले, आणि नाव विचारल्यावर खोली कालच दिली असल्याचे मालकांना आठवले. अब्बा काही बोलले नाहीत, जिना उतरले. शेवटी मुंब्र्याला खालाकडे राहिले. मुंब्र्याहून दादर, तिथून गाडी बदलून लोअर परळ, जाऊन-येऊन रोज तीन तास. खाला नसती तर ही उमेदवारी पहिल्याच आठवड्यात संपली असती. बरोबरच्या दोघांची घरे मुंबईतच होती. त्यांना विद्यावेतन म्हणजे खिशातला खर्च होता, मला ते महिन्याचे गणित होते. म्हणजे उमेदवारीलाही एक फी असते, ती पावतीवर छापलेली नसते.

आपली संस्था फी देते, पुस्तके देते, गणवेश देते. पदवी हाती आल्यावर मात्र मदत थांबते, आणि नेमके तेव्हाच हे सहा महिने येतात. मी अध्यक्ष महोदयांना विनंती करते की पदवीनंतरच्या उमेदवारीसाठी राहण्या-जाण्याचा खर्च देणारी एक शिष्यवृत्ती सुरू करावी, आणि निदान एक तरी मुलीला द्यावी. सरकारी मार्गही डोळ्यांआड करू नये. २०२४ साली राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्यास सहा हजार, आय.टी.आय. वा पदविकाधारकास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार दरमहा विद्यावेतन ठरले. त्याच वर्षी केंद्राची पाच हजार रुपये दरमहा देणारी योजनाही निघाली. अशा योजनांची माहिती आपल्या मोहल्ल्यात अर्जाची तारीख उलटून गेल्यावर पोचते. ती वेळेवर पोचवणे हाही जनसंपर्कच होय.

आणि मुलांनो, उमेदवारीचे शेवटचे पंधरा दिवस वाया घालवू नका. त्या दिवसांत सर्वांचे लक्ष निरोपाच्या केककडे असते. मी केलेल्या पत्रकांपैकी जी प्रसिद्ध झाली होती तेवढीच निवडली, ग्राहकाची गुपिते असलेला एकही कागद घेतला नाही, आणि प्रत्येकावर माझे काम कोणते व वरिष्ठांनी काय दुरुस्त केले ते लिहिले. छापील प्रमाणपत्र सर्वांना सारखेच मिळते. "हिची मराठी आणि उर्दू पत्रके आम्हाला फारशी दुरुस्त करावी लागली नाहीत" हे वाक्य मी वरिष्ठ बाईंकडून वेगळ्या पत्रावर मागून घेतले. मागायला संकोच वाटला, पण न मागता असे पत्र कोणी देत नाही. पुढच्या मुलाखतीत प्रमाणपत्र कोणी उघडूनही पाहिले नाही, ते पत्र मात्र दोनदा वाचले. तिथला निकाल अजून यायचा आहे.

शेवटी एक घरचीच गोष्ट. आपण नेहमी म्हणतो की आपल्या समाजाची बातमी वर्तमानपत्रात येते ती भांडणाची, चांगली येत नाही. ही तक्रार खोटी नाही. पण एका ज्येष्ठ वार्ताहरांना मी हे बोलून दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, "तुमच्या शाळेने आम्हाला शेवटचे पत्रक कधी पाठवले?" परत आल्यावर मी कार्यालयात जुनी फाईल पाहिली. गेल्या वर्षीच्या दहावीच्या निकालाचे पत्रक सापडले. त्यात पहिल्या तीन परिच्छेदांत व्यासपीठावरील चौदा मान्यवरांची नावे हुद्द्यांसह आहेत, आणि शेवटच्या ओळीत, एका मच्छिमाराच्या मुलीने विज्ञानात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवले, असे आहे. तिचे नावही अपुरे आहे. मान्यवर मला क्षमा करतील, पण बातमी ती मुलगी होती.

ते पत्रक मी पुन्हा लिहून बाईंकडे दिले आहे. यंदाच्या निकालाचे पत्रक विद्यार्थ्यांनीच लिहावे अशी परवानगी त्यांनी दिली आहे. नववी-दहावीच्या आणि कॉलेजच्या मुलामुलींपैकी ज्यांना शिकायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता ग्रंथालयात यावे. येताना एक वही आणावी आणि आपल्या गावाविषयीची, या महिन्यात कोणत्याही वर्तमानपत्रात छापून आलेली एक बातमी कापून आणावी. मिळाली नाही तर तसेच यावे.