पुढचं थिएटरमध्ये बघा: 'कामेन रायडर डिकेड'चा शेवट आणि चिडलेले फॅन्स

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच कमी केलेत, सगळे नाही गेलेले. आणि हो, भरपूर स्पॉयलर आहेत.)

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. डिकेडचा शेवट बघितला, हे नक्की काय होतं? व्हिडिओ अर्धवट डाउनलोड झालाय का?

नाही हो. व्हिडिओ पूर्ण आहे. मालिकाच अर्धवट आहे.

ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. कामेन रायडर ही जपानची सुपरहिरो मालिका, 1971 पासूनची. बेल्ट लावायचा, 'हेन्शिन' म्हणायचं, रूप बदलायचं आणि राक्षसांना तुडवायचं. आपल्यापैकी जे पॉवर रेंजर्स हिंदीत बघून मोठे झाले, त्यांनी याच तोएई कंपनीचं काम बघितलंय, कारण रेंजर्समधली बरीचशी मारामारी तोएईच्या सुपर सेन्ताई मालिकांमधून उचललेली असायची. कामेन रायडर त्याच घरातला. सेन्ताईत पाच जणांची टीम, इथे बहुतेक वेळा एकटा माणूस आणि त्याची मोटरसायकल. 2000 साली 'कूगा'पासून नवी पिढी सुरू झाली, दरवर्षी एक नवा रायडर, तेव्हा रविवारी सकाळी आठ वाजता टीव्ही असाहीवर. 2009 साली या पिढीतला दहावा आला, तो डिकेड. दहावा म्हणून डिकेड, आणि त्याचं कामही तसंच: आधीच्या नऊ रायडर्सच्या जगांमधून फिरायचं.

त्सुकासा कादोया नावाचा फोटोग्राफर. आधीचं काही आठवत नाही. गळ्यात एक गुलाबी कॅमेरा, पण तो जो फोटो काढेल तो वेडावाकडा येतो, जणू ते जग त्याच्या कॅमेऱ्यात मावायलाच तयार नाही. नात्सुमीच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओतला पडदा बदलला की बाहेरचं जग बदलतं. आज रयूकीचं जग, पुढे ब्लेडचं. आणि पहिल्याच भागाची सुरुवात कशाने होते? नात्सुमीच्या स्वप्नाने. एका माळरानावर सगळे रायडर डिकेडवर तुटून पडतात आणि एकेक करून सगळे संपतात. शेवटी उभा असतो फक्त डिकेड. तिथून पुढे नारुताकी नावाचा टोपीवाला काका जवळपास दर भागात येऊन ओरडतो, की डिकेड हा जगाचा विनाशक आहे.

म्हणजे कर्ज किती झालं बघा. हा माणूस कोण? फोटो असे का येतात? ते स्वप्न खरं होणार का? नारुताकी कोण आहे, आणि त्याला घरी काही कामं नाहीत का? (याचं उत्तर मला अजूनही नीट कळलेलं नाही.)

आता शेवट. 30 ऑगस्ट 2009, भाग 31. डिकेड एरवीच्या रायडर मालिकांपेक्षा खूपच आखूड होता, कारण वर्षाची सुरुवात जानेवारीवरून सप्टेंबरवर सरकवायची होती. त्या शेवटच्या भागात जगं एकमेकांत मिसळायला लागतात आणि जुन्या ब्लेडमधला खरा केन्झाकी, खरा वातारू, म्हणजे मूळ मालिकांमधलेच नट, येऊन त्सुकासाला सांगतात की सगळ्याचं मूळ तूच आहेस. मग पहिल्या स्वप्नातलं ते युद्ध सुरू होतं. रायडरच रायडर. स्फोट. दोस्त म्हणावा की चोर असा प्रश्न पडतो तो डिएंड, त्याची बंदूक रोखलेली. गोळी सुटते...

आणि जाहिरात येते. पुढचं डिसेंबरमध्ये, थिएटरमध्ये.

मी मस्करी करत नाहीये. मालिकेचा शेवट म्हणजे सिनेमाचा ट्रेलर. सिनेमा आला 12 डिसेंबर 2009 ला, आणि त्यातही अर्धा भाग पुढच्या रायडरचा, म्हणजे डबलचा. बरं, आधीच 8 ऑगस्टला डिकेडचा एक सिनेमा येऊन गेला होता. म्हणजे पालकांनी एकदा तिकीट काढलेलंच होतं. तीन आठवड्यांनी सांगितलं, आता अजून एक काढा.

जपानमध्ये लोक खवळले. नुसते मोठे फॅन्स नाही. तक्रारी बीपीओपर्यंत गेल्या. आपल्याकडचं कॉल सेंटरवालं बीपीओ नव्हे! तिकडे एनएचके आणि खाजगी चॅनेल्सनी मिळून काढलेली, टीव्हीवरच्या कार्यक्रमांबद्दलच्या तक्रारी बघणारी एक स्वतंत्र संस्था आहे, ती. मुलांच्या कार्यक्रमाचा शेवट दाखवण्यासाठी पैसे मागणं बरोबर आहे का, असा तो प्रश्न होता.

मी डिकेड बघितला हॉस्टेलवर, सेकंड इयरला. रूममेटच्या लॅपटॉपवर, इंग्रजी सबटायटल लावून, रात्री अडीच वाजता. ती गोळी सुटली, आम्ही दोघं एकदम "अरे!" ओरडलो, त्याने पुढची फाइल उघडली आणि सिनेमा सुरू. मध्ये गेलेला वेळ वीस सेकंद. त्यामुळे नंतर जेव्हा मी या सगळ्या रागाबद्दल वाचलं तेव्हा मला वाटलं, काय एवढं? साडेतीन महिने थांबायचं, सिनेमा बघायचा. फॅन लोकांना रडायला कारण लागतं.

हे मत माझं बरीच वर्षं होतं. ते कसं बदललं ते सांगतो, पण आधी एक गोष्ट साफ करू.

हे फॅन्स दुःखी शेवटाला घाबरत नाहीत. उलट! 'चोजिन सेन्ताई जेटमॅन' घ्या. शेवटचा भाग 14 फेब्रुवारी 1992 चा, व्हॅलेंटाइन डे. राक्षस हरलेत, तीन वर्षं गेलीत, रयू आणि काओरीचं लग्न आहे. टीममधला गाई, म्हणजे ब्लॅक कॉन्डॉर, लग्नाला निघालेला. वाटेत कोणीतरी एका बाईची पर्स खेचून पळतो, हा त्याला अडवायला जातो आणि तो चोर याला भोसकतो. जग वाचवलेला माणूस एका भुरट्या चोराच्या सुरीने जातो. आणि तो तसाच लग्नाला येतो. बाकावर बसतो, कोणाला काही बोलत नाही. रयू शेजारी बसून बोलत असतो, आणि याचं डोकं हळूच कलतं. लहान मुलांची मालिका आहे ही! आणि जेटमॅनचा तो शेवट आजही सेन्ताईतल्या सगळ्यात गाजलेल्या शेवटांमध्ये धरतात.

किंवा ब्लेड, 2005. तिथे नियम असा, की शेवटी एकच राक्षस उरला, आणि तो जोकर असला, तर जग संपणार. आणि जोकर म्हणजे हाजिमे, केन्झाकीचा मित्र. त्याला मारायचं नसेल तर? केन्झाकी स्वतःच दुसरा जोकर होतो. दोन उरले म्हणजे खेळ संपत नाही. पण मग दोघांनी आयुष्यात पुन्हा कधी भेटायचं नाही, कारण भेटले तर लढावं लागेल. मित्र जिवंत, जग जिवंत, आणि हा माणूस निघून गेला. आमच्या रूमवर त्या रात्री कोणी मॅगीसुद्धा केली नाही.

म्हणजे नायक मेला तरी चालतो, जिवलग मित्र कायमचे तुटले तरी चालतं. मग डिकेडवरच का चिडले? तिथे तर नायक मेलाही नव्हता. पुढे सिनेमात काय होतं ते सोडा, त्या रविवारी नव्हता मेला.

तर, माझं मत कसं बदललं. माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही मुलांच्या व्हिडिओंचं एक ॲप बनवत होतो. नाव नाही सांगत. त्यात कुलूप होतं: मालिकेचे सुरुवातीचे भाग फुकट, शेवटचे दोन प्रीमियमवाल्यांना. ती स्क्रीन मी लिहिली होती. चांगली लिहिली होती, अभिमान होता मला. मागे शेवटच्या भागातलं चित्र धूसर दिसतं, वर एक सोनेरी कुलूप हलतं. दोन प्रकार करून बघितले, कुलूप हलणारं जास्त चाललं. टीमने माझ्यासाठी केक आणला.

मे महिन्यात ताई आली होती, तिचा मुलगा सहा वर्षांचा. त्याच्याकडे ताईचा फोन, त्यावर आमचंच ॲप. मामाने बनवलंय म्हणून त्याने तेच लावलेलं. चार दिवस तो एका अस्वलाची मालिका बघत होता. अस्वलाचं पिल्लू हरवलंय, एवढीच गोष्ट. पाचव्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला, फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "मामा, हे कसं काढायचं?"

माझंच कुलूप. हलत होतं.

मी म्हटलं, अरे, याला पैसे लागतात. तो म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलं?" रडला वगैरे नाही. रडला असता तर बरं झालं असतं. तो फोन ताईला देऊन बाहेर खेळायला गेला. मी प्रीमियम घेतलं, हाक मारली, तर म्हणाला नको आता.

त्या रात्री मला डिकेडची आठवण झाली, खरंच. 2009 मध्ये रविवारी सकाळी आठ वाजता टीव्हीसमोर बसलेला सहा वर्षांचा जपानी मुलगा. सात महिने बघतोय. बेल्ट घेतलाय, पत्ते गोळा केलेत. तो स्वतः थिएटरला जाऊ शकत नाही. त्याला आईबाबांना विचारावं लागणार. टीव्हीने त्याला शेवट दाखवला नाही, वर घरात एक मागणी करायला लावली. चाळीस वर्षांच्या फॅनने तिकीट काढून सिनेमा बघितला आणि मग मनसोक्त शिव्या दिल्या. पोराला शिव्याही देता येत नाहीत. म्हणून पालकांनी तक्रारी केल्या, आणि माझ्या मते योग्य केलं. सिनेमा काढू नका असं नव्हतं म्हणणं. 'शेवटचा भाग' असं लिहिलंत तर शेवट द्या, नाहीतर आधी सांगा.

ऑफिसला मी हाच मुद्दा मांडला. मीटिंगमध्ये आकडे दाखवले गेले, कुलूप उत्तम चालतंय. शेवटी एवढंच झालं की मालिकेच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात 'शेवटचे दोन भाग प्रीमियम' असं आलं. बारीक म्हणजे किती, तर मी मोठं केलं होतं, डिझाइनने लहान केलं.

आता कथा इथे संपली असती तर सोपं होतं. पण डिकेडच्या बाबतीत पुढे भलतंच झालं. डिसेंबरच्या त्या सिनेमात त्सुकासा खरोखर सगळ्या रायडर्सना मारत सुटतो, स्वतः मरतो, परत येतो. त्यात एक गोष्ट सांगितली जाते: डिकेडला स्वतःची अशी कहाणीच नाही. तो इतरांच्या कहाण्यांमधून जाणारा माणूस. आणि कहाणीच नाही म्हटल्यावर ती संपणार कुठून? काही फॅन्स तेव्हापासून म्हणतात की अर्धवट शेवट हाच डिकेडला शोभणारा. मला हे ऐकलं की थोडा रागच येतो, कारण हे सुचायला आधी सिनेमा बघावा लागतो. पण पूर्ण खोटंही म्हणता येत नाही. 2018 मध्ये 'झी-ओ' मालिकेत मासाहिरो इनोउए पुन्हा त्सुकासा म्हणून आला, तोच माज, तोच चेहरा, आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा कोणी केला? नऊ वर्षांपूर्वी चिडलेल्यांनीच. मीही केला. त्याला परत आणायला काहीच मोडावं लागलं नाही, कारण काही बंदच केलेलं नव्हतं.

आणि त्याच झी-ओमध्ये 2019 ला ब्लेडचे केन्झाकी आणि हाजिमे परत आले. भेटले. त्यांचं जोकरपण काढून घेतलं गेलं आणि चौदा वर्षांनी ते माणूस म्हणून समोरासमोर उभे राहिले. माझ्या रूममेटने मला रात्री फोन केला, आवाज बसलेला. "सुटले रे ते." दुसरीकडे असेही फॅन्स होते, आहेत, जे म्हणतात की केन्झाकीचा त्याग पूर्ण होता, त्याला हात लावायला नको होता. मी या दुसऱ्या गटातला. रूममेटशी यावर भांडण झालंय, दोन दिवस बोललो नव्हतो. अठ्ठाविशीतली माणसं आहोत आम्ही, लाज वाटते सांगायला.

एक जाता जाता. माझ्या धाकट्या काकाला मी हा विषय सांगत होतो तर तो म्हणाला, आमच्या वेळी जायंट रोबोट होता. दूरदर्शनवर, ऐंशीच्या दशकात. मुलगा घड्याळात बोलायचा आणि रोबोट ऐकायचा. तोही तोएईचाच, 1967 चा! काका शेजारच्यांकडे बघायचा, आणि शेवटच्या भागाला लाइट गेली. चाळीसेक वर्षं त्याला शेवट माहीत नव्हता. मी फोनवर लावून दिला. रोबोट शत्रूच्या राजाला उचलून आकाशात निघतो, मुलगा घड्याळात ओरडतोय परत ये, आणि पहिल्यांदाच रोबोट त्याचं ऐकत नाही. उल्केवर जाऊन आदळतो.

काका काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "परत लाव."

बरं, ज्यांना डिकेड बघायचाय त्यांनी 31 वा भाग आणि डिसेंबरचा सिनेमा एकाच बैठकीत बघा, मध्ये थांबू नका. ब्लेडबद्दल तुम्ही कोणत्या गटात ते व्हॉइस मेसेज करून कळवा, मी रूममेटला ऐकवणार आहे. पुढच्या भागात डबल. भेटू!